नाक मुरडणारी अवतरणचिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितं तपासताना पेन्सिल सर्वांत जास्त वेळा अडते ती या चिन्हावर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दुरुस्त करून पुढे जाता येतं. अवतरण दिसलं की लेखकाला फोन करून विचारावं लागतं, “हे कशासाठी टाकलंय?” बहुतेक वेळा पलीकडे थोडा वेळ शांतता असते. त्या फोनांवर आणि इतरत्र पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नेमकी कोणती अवतरणचिन्हं म्हणताय?

हे वाक्य पाहा: *गावातले ‘समाजसेवक’ पुराच्या दिवशी कुठेच दिसले नाहीत.* इथे कुणाचं बोलणं उद्धृत केलेलं नाही, पुस्तकाचं नाव नाही, परका शब्दही नाही. लेखक सांगतोय की लोक यांना समाजसेवक म्हणतात, मी म्हणत नाही. शब्द तोच ठेवायचा आणि त्याच्यापासून चार पावलं लांब उभं राहायचं. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही अख्खी म्हण दोन टिंबाएवढ्या चिन्हांत बसवायची, असा तो प्रकार.

याला मराठीत काही नाव आहे का?

सर्वमान्य नाव नाही. ‘उपरोधदर्शक अवतरण’ म्हणता येईल, पण ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. मी त्यांना नाकमुरडी अवतरणं म्हणतो. इंग्रजीत ‘स्केअर कोट्स’ असं नाव आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकम यांनी १९५६ साली ‘माइंड’ या नियतकालिकात अ‍ॅरिस्टॉटलवर लिहिलेल्या लेखात ते आढळतं. त्यातला ‘स्केअर’ म्हणजे वाचकाला घाबरवणं नव्हे. लिहिणारा स्वतःच शब्दाला बिचकतोय, हात लावायचा तर चिमट्याने लावतोय, असं समजा. जर्मन लोक तर अवतरणचिन्हांना गमतीने ‘हंसाची पावलं’ म्हणतात.

एकेरी वापरायची की दुहेरी?

एकेरी. मराठी छपाईत दुहेरी चिन्ह बोलण्यासाठी आणि उताऱ्यासाठी राखलेलं असतं. उपरोधाच्या शब्दाला दुहेरी चिन्ह घातलंत तर वाचकाला वाटतं, हे कुणीतरी खरंच म्हणालंय. मग तो बोलणारा शोधत बसतो.

याविषयी नियम मात्र कुठे शोधू नका. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठरा) अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांची रूपं यांत गुंतलेले आहेत. टोमणा कसा छापावा, हे त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे.

मग वाचकाला उपरोध कळतो कसा?

बरेचदा कळतच नाही. मराठीत एकेरी अवतरणावर फार कामं लादली आहेत. वर्तमानपत्राचं नाव त्यात, कवितेचं शीर्षक त्यात, पारिभाषिक शब्द त्यात, इंग्रजी शब्द त्यात. व्याकरणाच्या पुस्तकात शब्दाविषयी शब्द म्हणून बोलायचं (‘पाणी’ हा नपुंसकलिंगी शब्द आहे), तेही त्यातच. जोर द्यायला लोक तेच वापरतात. एवढ्या गर्दीत तुमचा टोमणा कोपऱ्यात उभा राहतो आणि वाचक त्याला ओलांडून निघून जातो.

म्हणून मी फोनवर एकच प्रश्न विचारतो: हा शब्द कुणाचा? वरच्या वाक्यातला ‘समाजसेवक’ कुणाचा, ते सांगता येतं. फ्लेक्सवर छापलेला आहे, स्वतःच्या लेटरहेडवर आहे, कार्यकर्ते म्हणतात. असा धनी असेल तर अवतरण राहू द्या. शब्द कुणाचाच नसेल, तुम्हीच योजला असेल आणि तुम्हालाच पटत नसेल, तर दुसरा शब्द शोधा. *त्यांच्या कथेत एक ‘खोली’ आहे.* कुणी म्हटलं खोली आहे? तुम्हीच. मग नाक कुणाकडे पाहून मुरडताय?

प्रत्यय अवतरणाच्या आत की बाहेर?

हा खास आपला प्रश्न. इंग्रजीवाल्यांना तो पडत नाही, आपल्याला दर तिसऱ्या ओळीत पडतो. आणि त्याच्या उत्तरात एक छान सोय दडलेली आहे, ती फार थोडे लोक वापरतात.

विशेषनाम असेल, म्हणजे नियतकालिक, संस्था, पुस्तक, तर आज बहुतेक ठिकाणी नाव आहे तसं ठेवून प्रत्यय बाहेर लावतात. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढलं. त्यात काही छापून आलं तर आपण लिहितो: *‘सुधारक’मध्ये आलं होतं.* नावाचं सामान्यरूप केलेलं नाही. पण एखादा गृहस्थ स्वतःला सुधारक म्हणवून घेतो आणि घरात सुनेला डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याविषयी लिहायचं तर: *या ‘सुधारका’ने सुनेची नोकरी सोडवली.* इथे शब्द साधं सामान्यनाम आहे, म्हणून तो सामान्यरूपात जाणारच. ‘सुधारक’ने लिहिलं तर वाचकाला वाटेल, नोकरी वर्तमानपत्राने सोडवली.

तेच ‘विकासा’च्या नावाखाली आणि ‘विकास’च्या अंकात. तेच ‘सुधारणे’चा देखावा आणि ‘सुधारणा’ या मंडळाची सभा. न वाकलेला शब्द नाव असतो, वाकलेला शब्द टोमणा असतो. जुन्या लेखनात नावांनाही बेलाशक सामान्यरूप करत (‘सुधारकात’ असं लिहीत), त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुराला ही कसोटी लावू नका. ई-कारान्त शब्दांत फरक डोळ्यांना दिसतही नाही: ‘प्रगती’ने म्हणजे मासिकाने की थट्टेतल्या प्रगतीने, ते वाक्यावरूनच ठरवायचं. तरीही जिथे दिसतो तिथे हा फरक फुकटात मिळालेला आहे.

एक तांत्रिक सावधगिरी. अवतरण मध्येच बंद करून पुढे नुसता काना किंवा मात्रा लावू नका. ‘तज्ज्ञ’ इथे चिन्ह मिटवून पुढे ‘आंनी’चा काना टंकलात, तर पडद्यावर ठिपक्यांचं एक पोरकं वर्तुळ उगवतं आणि काना त्याला लटकतो. ‘तज्ज्ञां’नी असं लिहा, किंवा सगळाच शब्द आत घ्या: ‘तज्ज्ञांनी’.

अवतरणचिन्हं नव्हती तेव्हा मराठी माणूस टोमणे मारत नव्हता का?

मारत होता, आणि जास्त चांगले मारत होता. मोडीत विरामचिन्हं नव्हती. शब्दांत अंतरही नसे. ओळीवर एक सलग रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची. पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरण ही मंडळी इंग्रजीतून आली आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मोल्सवर्थच्या कोशकामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे हे चिन्ह आपल्याकडे जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं. टोमणा त्याच्याहून पुष्कळ जुना.

आपल्याकडे आधीपासून काय होतं? पहिलं म्हणजे ‘म्हणे’. *मोठे समाजसेवक म्हणे!* या एका शब्दात ‘मी ऐकलंय’, ‘मला पटलेलं नाही’ आणि ‘तुम्हीच बघा’ हे तिन्ही येतं. संस्कृतात ‘इति’ बोलण्याच्या शेवटी येऊन उभा राहतो, तसं आपलं ‘म्हणे’, ‘म्हणून’, ‘असं’ मागून येतं आणि आधीचं सगळं दुसऱ्याच्या पदरात टाकतं. ‘काय तर म्हणे’ लावलं की पुढे येणारं वाक्य उच्चारण्याआधीच पडलेलं असतं: *काय तर म्हणे, अभ्यास दौरा!*

दुसरं, आदरार्थी बहुवचन. दहा वाजेपर्यंत लोळणाऱ्या मुलाविषयी आई विचारते, “राजे उठले का?” छापताना या राजेंना अवतरण घालणारा मी अजून पाहिलेला नाही, आणि कुणी घातलंच तर मी खोडीन. तिसरा तो ‘बि’चा खेळ. *पुरस्कार-बिरस्कार मिळालेत त्यांना.* पुरस्कार मिळाले हेही खरं, आणि मला त्यांचं काही वाटत नाही हेही खरं. चौथं, नुसता ‘च’: *शहाणाच आहेस!*

शिवाय काही शब्दांत तिरकसपणा जन्मतःच आहे. दीडशहाणा, उंटावरचा शहाणा, आयतोबा. यांना अवतरण घातलं की गंमत उलटते. ‘दीडशहाणा’ असं लिहिलंत तर वाचक विचारात पडतो: म्हणजे हा खरा दीडशहाणा नाही की काय?

शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकवतात, वरून स्तुती आणि आतून निंदा. तिचं बळ ती वरून साधी दिसण्यात आहे. अवतरण घालणं म्हणजे विनोद सांगून “कळला का?” विचारणं.

‘तथाकथित’ लिहिलं आणि अवतरणही दिलं तर?

पट्टा आणि वर नाडी. एक ठेवा. *तथाकथित तज्ज्ञ* किंवा *‘तज्ज्ञ’*. ‘स्वयंघोषित’, ‘म्हणवणारे’, ‘नावापुरते’ यांनाही हेच लागू. त्यातही ‘म्हणवणारे’ मला अधिक आवडतो, कारण तो कुणाचा शब्द आहे ते जागेवर सांगतो. कंसातलं उद्गारचिन्ह, *समाजसेवक (!)*, हाही त्याच घरातला, जरा जास्त आवाज करणारा भाऊ.

वर्तमानपत्रं तर सर्रास वापरतात. ती चुकतात का?

मथळ्याची अडचण वेगळी. तिथे ‘असा आरोप विरोधकांनी केला’ एवढी जागा नसते, म्हणून *निविदेत ‘घोळ’* असं लिहून उपसंपादक मोकळा होतो. शब्द आरोप करणाऱ्याचा आहे, धनी खालच्या बातमीत सापडतो. हे योग्यच.

दुसरा प्रकार म्हणजे आपल्या मथळ्यांची लाडकी कोटी. *अधिकाऱ्यांशी ‘अर्थपूर्ण’ चर्चा.* मराठी वाचकाला यापुढे काही सांगावं लागत नाही. अर्थ म्हणजे पैसा, आणि चर्चेत तो इकडून तिकडे गेला. लक्ष्मीदर्शन, वजन, मार्गदर्शन, सगळे त्याच टेबलाखालचे. कुठे शब्दाचा निम्मा भागच अवतरणात घालतात, ‘अर्थ’पूर्ण असा. पहिल्यांदा ज्याने लिहिलं त्याला मनापासून दाद. आता मात्र ही कोटी एवढी झिजली आहे की चिन्ह काढलं तरी अर्थ तोच राहतो. साध्या अर्थाने ‘अर्थपूर्ण चर्चा’ लिहिण्याची सोयच उरलेली नाही, परिसंवादाच्या अहवालातसुद्धा वाचक गालात हसतो.

कधी नशीब मथळा लिहून देतं. २०१० साली कुलाब्यातल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण गाजलं. संस्थेचं नावच ते, म्हणून अवतरण छपाईच्या रीतीने आवश्यक होतं, आणि तेच अवतरण टोमणाही मारत होतं. एका खिळ्यात दोन कामं.

आणि सर्वांत जहाल मथळ्याला अवतरण लागतच नाही, हेही लक्षात ठेवा. १८९७ साली ‘केसरी’त टिळकांनी विचारलं, “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” त्यातल्या एकाही शब्दापासून ते लांब उभे राहिलेले नाहीत.

अवतरण घातलं की बदनामीच्या दाव्यापासून सुटका होते ना? “मी तर थोरच म्हणालो” असं म्हणता येईल?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ला जोडलेल्या तिसऱ्या स्पष्टीकरणातच म्हटलं होतं की उपरोधाने केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३५६मध्ये ही तरतूद तशीच आहे. कायद्याने दिलेलं उदाहरण तर एखाद्या कसलेल्या टोमणेबहाद्दराचं वाटावं. त्याचा आशय असा: ‘अमका प्रामाणिक माणूस आहे, त्याने तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही’ असं कुणी म्हणालं, आणि घड्याळ त्यानेच चोरलं असं लोकांना वाटावं हा हेतू असेल, तर अपवादांत बसत नसल्यास ती बदनामी. कायदा हेतू बघतो. म्हणून ‘प्रामाणिक’ला अवतरण घालून तुम्ही सुटत नाही, उलट हेतूचा कागदी पुरावा देता.

न्यायालयात असलेल्या प्रकरणाबद्दल लिहिताना ‘कथित’ हा शब्द आणि आरोप कुणी केला त्याचा उल्लेख, एवढं सरळ लिहा. *‘कथित’ घोटाळा* मात्र लिहू नका. त्याचा अर्थ होतो की कथित म्हणायची फक्त पद्धत आहे, घोटाळा झालेलाच आहे. एक चिन्ह ‘घोटाळा’वरून उचलून ‘कथित’वर ठेवलं की लेखक पंचाच्या जागेवरून थेट फिर्यादीच्या बाकावर जातो.

देशाच्या, समाजाच्या, नात्याच्या नावाला अवतरण घालणं योग्य आहे का?

इथे हसू थांबतं. पश्चिम जर्मनीतल्या श्प्रिंगर समूहाची वर्तमानपत्रं पूर्व जर्मनीचं अधिकृत नाव, म्हणजे ‘डीडीआर’ ही आद्याक्षरं, कित्येक वर्षं अवतरणात छापत. हा देश आम्ही देश मानत नाही, हे रोजच्या रोज, हवामानाच्या बातमीतसुद्धा. १९८९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ते अवतरण सोडलं. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि वर्षभरात तो देशही उरला नाही. अमेरिकेत ‘वॉशिंग्टन टाइम्स’ समलिंगी जोडप्यांच्या विवाहाविषयी लिहिताना ‘विवाह’ हा शब्द अवतरणात घालत असे. २००८ साली नव्या संपादकाने ती पद्धत बंद केली.

दोन्हीकडे शब्दाचा धनी होता, म्हणजे माझी वरची कसोटी पार पडते. तरी ते खुपतं, कारण तो शब्द त्या माणसांनी स्वतःसाठी निवडलेला आहे. नेत्याच्या फ्लेक्सवरच्या ‘कार्यसम्राट’ला अवतरण घातलं तर त्याची पदवी जाते. एखाद्या समाजाच्या स्वतः घेतलेल्या नावाला, कुणाच्या घेतलेल्या धर्माला, दत्तक मुलीच्या ‘आई’ला अवतरण घातलं तर माणसाचं घरच नाकारलं जातं. मतभेद असेल तर वाक्य लिहा, कारण द्या. वाक्याला उत्तर देता येतं, चिन्हाला देता येत नाही, आणि म्हणूनच ते वापरणाऱ्याला सोयीचं वाटतं.

दुकानाच्या पाटीवर “ताजे” दूध लिहिलेलं असतं, ते?

त्या दुकानदाराला जोर द्यायचा असतो. पाटी रंगवणाऱ्यालाही तेच वाटतं. ‘शुद्ध’ शाकाहारी, ‘घरगुती’ जेवण, लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’. वाचणारा मनात पुटपुटतो, ताजे म्हणे! बिचाऱ्याचं दूध खरंच ताजं असतं.

जोर द्यायला मग काय वापरावं?

ठळक अक्षरं, किंवा मोठा टाइप. वाक्यात असेल तर मराठीत ‘च’ आहे आणि शब्दांचा क्रम आहे: *आजच काढलेलं दूध.*

बोलताना दोन्ही हातांची बोटं वाकवतात, ते चालतं का?

समोरासमोर चालतं, कंटाळवाणं असलं तरी. फोनवर आणि रेडिओवर चालत नाही. बातम्या वाचणाऱ्याच्या हाती *‘समाजसेवकां’चा मेळावा* असं लिहिलेला कागद दिला, तर श्रोत्यांपर्यंत खऱ्याखुऱ्या समाजसेवकांचा मेळावा पोचतो. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. अंध वाचक ज्यावर अवलंबून असतात ते पडदावाचक बरेचदा अवतरणचिन्ह उच्चारत नाहीत. तुमचा सगळा मुद्दा त्या चिन्हात असेल तर त्यांच्यापर्यंत नेमका उलटा मजकूर जातो. ऐकण्यासाठीच्या मजकुरात ‘म्हणवणारे’ घाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर?

तिथे लोक डोळा मारणारा चेहरा टाकतात, तो बरा. नातेवाइकांच्या गटात मात्र जपून. *काकूंनी ‘मदत’ केली* असं घाईत लिहिलंत की दिवाळीपर्यंत निस्तरत बसाल, मग तुम्हाला फक्त जोर द्यायचा होता हे कितीही सांगा.

इंग्रजीतून भाषांतर करताना मूळ लेखातली अवतरणं तशीच ठेवायची?

मोजून ठेवा. मूळ वाचकाला तो शब्द कुणाचा ते ठाऊक असतं, आपल्या वाचकाला असेलच असं नाही. शक्य तिथे धनी शब्दांत आणा: ‘सरकार ज्याला सुधारणा म्हणतं ती’. चार शब्द वाढतील, वाढू देत.

एका लेखात किती चालतात?

दोन. तिसऱ्याला वाचक लेखकाचा चेहरा पाहू लागतो.

मुलाखतीत समोरचा माणूस एखादा शब्द खवचटपणे म्हणाला. लिहिताना त्याला अवतरण घालू?

आधीच छापलेला मजकूर उद्धृत करत असाल आणि त्यात अवतरण असेल तर ते ठेवलंच पाहिजे: बाहेर दुहेरी, आत एकेरी. बोललेल्या शब्दाचं तसं नाही. तो “आमचे मार्गदर्शक” म्हणाला. त्यातली खवचट छटा तुम्ही ऐकली, चिन्ह त्याने उच्चारलेलं नाही. तुम्ही आत एकेरी अवतरण घातलंत तर त्याच्या तोंडी तुमचा अर्थ घातलात, आणि उद्या तो म्हणेल, मी तर आदरानेच म्हणालो होतो. तुमच्याकडे उत्तर नसेल. त्यापेक्षा दिसलं ते लिहा: *“आमचे मार्गदर्शक,” असं म्हणून ते हसले आणि त्यांनी चहा मागवला.*